नाक्यावरच्या मजुराची मजुरी बुडू नये म्हणून रहिवाशांनी काय करायचं

मजुरांसाठी काहीतरी करू या म्हटलं की आपल्याकडे आधी खिचडी, जुने कपडे आणि ब्लँकेटं सुचतात. २०२० च्या एप्रिल-मे महिन्यांत, टाळेबंदीमुळे नाशिक महामार्गावरून कसाऱ्याच्या दिशेने माणसं पायी निघाली होती तेव्हा, ते लागतच होतं. एरवी मात्र नवी मुंबईत तुर्भ्याला, कोपरखैरण्याला किंवा ठाण्यात वागळे इस्टेटला सकाळी कामाच्या शोधात नाक्यावर उभ्या राहणाऱ्या माणसाचं सगळ्यात मोठं नुकसान होतं ते केलेल्या कामाचे पैसे न मिळाल्यामुळे. वीस दिवस राबायचं, हातात निम्मे पैसे घ्यायचे आणि उरलेल्यासाठी फोन करत राहायचं. हे टळू शकतं, आणि ते टाळण्याची साधनं ठेकेदारापेक्षा जास्त रहिवाशांच्या हातात आहेत. गेटचं रजिस्टर आपल्याकडे, कामाचं परवानगीपत्र आपल्याकडे, ठेकेदाराचा शेवटचा हप्ताही आपल्याच खिशात.

घरात दुरुस्तीचं काम काढणारे, सोसायटीच्या कमिटीवर असलेले आणि मजुराबरोबर बसून अर्ज लिहून देण्याची तयारी असलेले, अशा तिघांसाठी हे लिहिलं आहे.

पैसे अडकतात कुठे

फ्लॅटच्या मालकाने इंटिरिअरवाल्याला काम दिलेलं असतं. तो फरशीचं काम फरशीवाल्याला देतो, फरशीवाला मुकादमाला सांगतो आणि मुकादम नाक्यावरून दोन गवंडी, तीन बिगारी उचलतो. मालकाने पैसे वेळेवर दिले तरी ते तीन हातांतून खाली येतात. मजुराला वरच्या तिघांपैकी फक्त मुकादम माहीत असतो, तोही ‘पप्पू सेठ’ एवढ्या नावाने आणि एका मोबाइल नंबराने. नंबर बंद झाला की सगळंच संपलं.

दुसरी अडचण खर्चीची, म्हणजे मजुरीतून मधूनमधून हातखर्चाला मिळणाऱ्या पैशांची. रोजच्या रोज पूर्ण मजुरी मिळते ती सुट्या, एक-दोन दिवसांच्या कामावर. काम लांबलं की आठवड्याला हजार-पंधराशे खर्ची मिळते आणि बाकीचा हिशोब ‘गावी जाताना करू’ असा ठरतो. होळी, जूनमधली पेरणी, दिवाळी-छठ, म्हणजे माणूस गावी निघायच्या वेळीच हिशोब होतो. गाडीचं तिकीट काढलेलं असतं, बायकामुलं स्टेशनवर असतात. ‘आता एवढे घे, परत आलास की उरलेले देतो’ हे वाक्य तेव्हाच येतं. म्हणून पहिला नियम असा की हिशोब गाडीच्या तारखेच्या निदान पंधरा दिवस आधी मागायचा. तेव्हा काम अर्धवट असतं आणि ठेकेदाराला माणसाची गरज असते.

‘मजूर काम अर्धं टाकून पळाला’ अशी तक्रार सोसायट्यांमध्ये सर्रास ऐकू येते. अशा वेळी आधी विचारा की त्याचे किती दिवसांचे पैसे बाकी होते. बहुतेक वेळा उत्तर तिथेच मिळतं. ‘हे परप्रांतीय असेच’ असंही लगेच म्हटलं जातं. प्रत्यक्षात आपल्या नाक्यांवर उत्तर प्रदेश-बिहारच्या माणसांशेजारी जालना, बीड, परभणी, यवतमाळचे आणि कर्नाटकातल्या कलबुर्गीकडचे लोकही उभे असतात. मराठी बोलणाऱ्याची मजुरीही तितकीच बुडते.

घरात काम काढलं असेल तर

ठेकेदाराशी बोलणी होतानाच विचारा, माणसं तुमची कायमची की नाक्यावरची? रोज किती जण येणार? मग कामाच्या कागदावर किंवा निदान व्हॉट्सअ‍ॅपवर हे लिहून घ्या: ‘कामावर येणाऱ्या प्रत्येक मजुराची मजुरी दर शनिवारी चुकती केली जाईल. शेवटचा १० टक्के हप्ता सर्व मजुरांचा हिशोब पूर्ण झाल्याचं त्यांच्याकडून कळल्यावरच दिला जाईल.’ नेहमीच्या ठेकेदाराला यात वावगं वाटत नाही. जो यावर चिडतो, त्याच्याबद्दल तिथेच सावध व्हायला हवं.

हा दहा टक्के हप्ता हेच खरं हत्यार आहे. लोक तो नळ गळतो का, फरशी पोकळ वाजते का हे बघून देतात. त्याच वेळी गवंड्याला आणि बिगाऱ्याला, ठेकेदार जवळ नसताना, ‘दादा, तुमचा हिशोब झाला का?’ एवढं विचारायचं. ठेकेदारासमोर विचारलंत तर उत्तर कायम ‘हो’ असंच येईल, कारण उद्याचं काम त्याच्याकडेच आहे.

उलटी चूकही होते. काम सुरू व्हायच्या आधीच मालक ६०-७० टक्के रक्कम देऊन मोकळे होतात. ती रक्कम ठेकेदार आधीच्या साइटची देणी भागवायला वापरतो, तुमच्या साइटवर पैसे संपतात आणि मार बसतो सगळ्यात खालच्या माणसाला. माल आणि मजुरी यांचे हप्ते वेगळे ठेवा. मालाचे पैसे थेट दुकानदाराला द्या, मजुरीचे आठवड्याच्या कामाप्रमाणे.

सोसायटीने

बहुतेक सोसायट्या दुरुस्तीसाठी अर्ज घेतात आणि राबिट (तोडफोडीचा कचरा) उचलण्यासाठी, लिफ्टच्या नुकसानीसाठी डिपॉझिट ठेवून घेतात. त्याच अर्जात तीन रकाने वाढवा: ठेकेदाराचं पूर्ण नाव आणि पत्ता, त्याच्या ओळखपत्राची प्रत, आणि प्रत्येक कामाच्या मुकादमाचं नाव व नंबर. डिपॉझिट परत देताना ‘मजुरांची देणी बाकी नाहीत’ अशी फ्लॅटमालकाची सही घ्या. याला खर्च शून्य आहे, ठराव मात्र कमिटीच्या बैठकीत रीतसर करून घ्या म्हणजे पुढची कमिटी तो गुंडाळून ठेवणार नाही.

गेटवर येण्या-जाण्याची नोंद वॉचमन करतोच. तिथे फक्त ‘लेबर ५’ असं लिहू नका. प्रत्येकाचं नाव, फ्लॅट क्रमांक, आत गेल्याची आणि बाहेर पडल्याची वेळ लिहा. नोंद अ‍ॅपवर होत असेल तर जुना डेटा किती दिवस टिकतो ते कंपनीला विचारा आणि दर महिन्याला उतरवून ठेवा. माणूस १९ दिवस या इमारतीत कामाला होता, याचा यापेक्षा स्वच्छ पुरावा दुसरा नाही. मजुराने मागितला तर उतारा शिक्का मारून द्या.

मूळ आधार कार्ड गेटवर किंवा ठेकेदाराकडे अडकवून ठेवू नका. झेरॉक्स पुरते, आणि तिच्यावर ‘अमुक सोसायटीत प्रवेशासाठी’ असं आडवं लिहून तारीख टाका. असं काही न लिहिलेल्या प्रतीचा गैरवापर होऊ शकतो.

लिफ्टबद्दल थोडं सविस्तर लिहायला हवं, कारण सगळ्यात जास्त वाद तिथे होतात. सिमेंटची गोणी ५० किलोची असते. ती खांद्यावर घेऊन सातव्या मजल्यावर जिना चढायला लावणं म्हणजे कंबर मोडायला लावणं आहे. लिफ्ट खराब होते ही भीती रास्त असली तरी त्यावर उपाय आहे. आतून प्लायवूड लावा, मालाची वेळ सकाळी अकरा ते दुपारी चार ठेवा, एका फेरीत किती गोण्या ते लिफ्टच्या क्षमतेप्रमाणे लिहून चिकटवा. माल नसताना मात्र माणसाला लिफ्टमध्ये मज्जाव करणारी पाटी काढूनच टाका. तळमजल्यावरचा वॉचमनचा संडास मजुरांनाही खुला ठेवा आणि तिथे पाण्याचा नळ द्या. बाईमाणूस कामावर असेल तर दाराला आतून कडी आहे ना ते आधी बघा. संडास नाही म्हणून दिवसभर पाणी न पिणाऱ्या बायका बांधकामावर खूप आहेत.

आणि नाव विचारा. पन्नाशीच्या गवंड्याला ‘ए भैया’ नाहीतर ‘छोटू’ म्हणायचं कारण नाही. काका, दादा, मावशी आपल्याकडे आहेतच.

हजेरीचं पान

मजुराला स्वतःचा हिशोब ठेवायला शिकवणं हे यातलं सगळ्यात मोलाचं काम. दोनशे पानी वहीची गरज नाही, खिशात मावणारी छोटी डायरी पुरते. दर कामाला नवं पान, वर जागेचा पत्ता, मुकादम आणि ठेकेदाराचं नाव-नंबर, ठरलेला रोज (दिवसाची मजुरी). खाली तारीख, पूर्ण की हाफ डे, घेतलेली खर्ची.

समजा गवंड्याचा रोज १,१०० ठरला. १९ पूर्ण हजेऱ्या झाल्या, त्याचे २०,९००. तीन हाफ डे, त्याचे १,६५०. एकूण २२,५५०. चार वेळा १,५०० खर्ची घेतली, म्हणजे ६,०००, आणि सुरुवातीला २,००० उचल. वजा ८,०००. बाकी १४,५५०. हे गणित पानावर असलं की ‘अंदाजे दहा-बारा हजार असतील’ असली भाषा बंद होते. भांडण बहुधा हाफ डे आणि खर्ची यांवरच होतं, म्हणून त्या दोन नोंदी त्याच संध्याकाळी व्हायला हव्यात.

ज्याला लिहिता येत नाही त्याच्यासाठी व्हॉइस मेसेज. दर शनिवारी मुकादमाला व्हॉट्सअ‍ॅपवर बोलून पाठवायचं: ‘सेठ, आज तारीख अमुक. घणसोलीच्या कामावर माझ्या आठ हजेऱ्या झाल्या, तीन हजार खर्ची घेतली.’ समोरून ‘ठीक आहे’ आलं किंवा नुसता अंगठा आला तरी ती कबुली म्हणून दाखवता येते. उत्तर आलं नाही तरी मेसेज गेल्याची तारीख राहते. हाच मेसेज घरच्या दुसऱ्या नंबरवरही पाठवायचा, कारण फोन हरवतो, विकला जातो, दुकानदार तो रिसेट करून देतो. वाद उभा राहिल्यावर मूळ फोन जपून ठेवायचा. स्क्रीनशॉट पुरेसा नसतो.

कामाच्या पहिल्या दिवशी दोन फोटो काढायला सांगा: इमारतीच्या नावाची पाटी आणि स्वतः काम करत असतानाचा. मोठ्या साइटवर दर्शनी फलक असतो, त्यावर बिल्डरचं नाव आणि महारेरा क्रमांक असतो. त्याचा फोटो म्हणजे मूळ मालकाचं नाव-गाव हातात आलं. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या व्हाउचरवर सही-अंगठा कधीच नाही.

तरीही मजुरी बुडाली तर

आधी वेळेचा हिशोब. चार कामगार संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाल्या आहेत. त्यांतल्या वेतन संहितेप्रमाणे रोजंदारीची मजुरी दिवसाचं काम संपताना, आठवड्याची आठवडी सुट्टीच्या आधीच्या दिवशी आणि महिन्याची पुढच्या महिन्याच्या ७ तारखेच्या आत द्यायची असते. कामावरून काढलं किंवा माणसाने काम सोडलं तर दोन कामाच्या दिवसांत. दावा करायला तीन वर्षांची मुदत आहे. पैसे दिले हे सिद्ध करण्याची जबाबदारीही मालकावर आहे. मजुराला दाखवावं लागतं ते एवढंच की मी इथे, इतके दिवस कामाला होतो. डायरी, मेसेज आणि गेटचं रजिस्टर त्यासाठीच.

पहिलं पाऊल फोनचं, पण तो रहिवाशाने करावा. फ्लॅटमालकाने किंवा कमिटीच्या सचिवाने ठेकेदाराला शांतपणे ‘यांचे १४,५५० बाकी आहेत, हिशोब माझ्यासमोर आहे, शनिवारपर्यंत द्या’ असं सांगितलं तर बरीच प्रकरणं इथेच मिटतात. शिवीगाळ, धमकी नको, ती पुढे मजुरावरच उलटते. पैसे शक्यतो बँक खात्यावर किंवा यूपीआयने घ्यायला लावा.

सात दिवसांत पैसे आले नाहीत तर लेखी मागणी. एका पानाचं पत्र: कोण, कुठे, कधीपासून कधीपर्यंत, रोज किती, हजेऱ्या किती, मिळाले किती, बाकी किती, कुठल्या तारखेपर्यंत द्यायचे. स्पीड पोस्टने पाठवा, पोचपावती आणि पत्राची प्रत ठेवा. पत्ता चुकीचा निघून पत्र परत आलं तर पाकीट न फोडता तसंच ठेवा.

मग कामगार आयुक्त कार्यालयात अर्ज. इथे नवी मुंबईकरांची हमखास चूक होते. वाशी, ऐरोली, बेलापूर ठाणे जिल्ह्यात आहेत, तर खारघर, कामोठे, उलवे रायगड जिल्ह्यात. बेलापूरच्या नाक्यावरून उचललेला माणूस खारघरच्या साइटवर राबला असेल तर अर्ज काम जिथे झालं तिथल्या, म्हणजे रायगडच्या कार्यालयात करायचा. चुकीच्या जागी दिलेला अर्ज महिनाभर तिथेच पडून राहतो. अर्जाच्या दोन प्रती न्या आणि आपल्या प्रतीवर शिक्का व आवक क्रमांक घेतल्याशिवाय खिडकी सोडू नका. मोठ्या साइटचं काम असेल तर अर्जात ठेकेदार आणि बिल्डर दोघांचीही नावं घाला. एकट्या ठेकेदाराविरुद्ध अर्ज केला की तो गायब होतो आणि प्रकरण तिथेच थांबतं. चार-पाच जणांचे पैसे अडकले असतील तर एकत्र या, पण प्रत्येकाच्या हिशोबाचं पान वेगळं जोडा.

वकिलाची फी परवडत नाही म्हणून थांबू नका. जिल्हा विधी सेवा प्राधिकरण ठाण्याच्या जिल्हा न्यायालयात आहे आणि तिथे मोफत वकील मिळतो. स्त्रिया, अनुसूचित जाती-जमातींचे लोक आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्नाची अट नाही, बाकीच्यांपैकी बहुतेकांना आहे. १५१०० या नंबरवर चौकशी करता येते. खटल्याच्या आधी समेटासाठी ठेकेदाराला बोलावणं पाठवायची विनंती करा. न्यायालयाचा कागद घरी गेला की बोलण्याचा सूर बदलतो.

पोलीस मजुरीच्या वादाला ‘दिवाणी मामला’ म्हणून परत पाठवतात. मारहाण, धमकी, आधार किंवा फोन हिसकावून ठेवणं मात्र दिवाणी नाही, आणि तक्रारीत ते पहिल्या ओळीत यायला हवं. मजुरीची गोष्ट त्याच्यानंतर.

या सगळ्यात माणूस मध्येच गावी निघून जातो आणि प्रकरण थंड पडतं. म्हणून निघण्याआधी त्याच्याकडून इथल्या कोणा एकाच्या, शक्य तर कामगार संघटनेच्या नावे अधिकारपत्र लिहून घ्या. मजुराच्या वतीने संघटनेला दावा दाखल करता येतो. गावाकडचा चालू नंबर आणि खाते क्रमांकही घ्या.

भिवंडी-शहापूरच्या वीटभट्ट्यांचा प्रश्न वेगळा आहे. तिथे कातकरी कुटुंबं उचल घेऊन दिवाळीनंतर येतात आणि उचल फिटली नाही म्हणून जाऊ दिलं जात नाही. ही थकीत मजुरी नसून वेठबिगारी आहे, १९७६ च्या कायद्याने बंद केलेली. तक्रार कामगार कार्यालयात न देता थेट तहसीलदार किंवा जिल्हाधिकाऱ्यांकडे द्यायची.

अपघात झाला तर

पहिला तास महत्त्वाचा असतो. दवाखान्यात नेणारा माणूस बहुधा मुकादमच असतो आणि केसपेपरवर ‘घरी पाय घसरून पडला’ असं लिहिलं जातं. तेवढ्या एका ओळीने भरपाईचा दावा मोडतो. कळव्याचं रुग्णालय असो की वाशीचं पालिका रुग्णालय, सोबत जाणाऱ्याने डॉक्टरांना स्पष्ट सांगावं: ‘अमुक इमारतीत, कामावर असताना, परांचीवरून पडला.’ पोलिसांना कळवायची केस म्हणून नोंद झाली का ते विचारा आणि केसपेपरचा फोटो त्याच वेळी काढा.

दोन कागद, जे आधीच असायला हवेत

पहिला म्हणजे बांधकाम कामगार कल्याणकारी मंडळाची नोंदणी. वय १८ ते ६०, मागच्या १२ महिन्यांत ९० दिवस बांधकामाचं काम. नोंदणी फी एक रुपया आहे. हजारो रुपये मागणारा माणूस दलाल आहे. अडतं ते ९० दिवसांच्या दाखल्यावर, कारण नाक्यावरचा माणूस एकाकडे सलग ९० दिवस नसतोच. वेगवेगळ्या कामांचे दिवस मिळून ९० भरले तरी कायद्याला चालतात, म्हणून प्रत्येक फ्लॅटमालकाने काम संपताना तारखांसह दोन ओळी लिहून द्याव्यात, दाखला मागताना त्या कामी येऊ शकतात. गावी आधीच नोंदणी असेल तर इथे दुसरी करू नका, तिचंच मुदतीत नूतनीकरण करा. मुदत संपलेल्या नोंदणीवर मुलांच्या शिक्षणाची मदत मिळत नाही, आणि कामावर मृत्यू झाल्यास वारसाला मिळणारे ५ लाखही अडकतात.

दुसरा म्हणजे रेशन. गावचं कार्ड इथल्या दुकानात चालतं. अन्नसुरक्षेच्या प्राधान्य यादीतल्या कुटुंबाला माणशी महिना ५ किलो धान्य मोफत आहे, आणि घरातल्या काहींनी गावी, काहींनी ठाण्यात घेतलं तरी चालतं. नवीन कार्ड काढायच्या नादात गावचं कार्ड रद्द करू नका. दुकानात माणूस परत पाठवला जातो तो बहुधा दोन कारणांनी: ई-केवायसी झालेली नसते किंवा अंगठा उमटत नाही. सिमेंटने गवंड्यांच्या बोटांच्या रेषा झिजतात. आदल्या रात्री हाताला खोबरेल लावायचं, सकाळी साबणाने धुऊन कोरडं करायचं आणि मशीनवर अंगठ्याऐवजी करंगळी किंवा अनामिका ठेवून बघायची, ती बोटं कमी झिजलेली असतात. तरीही जमलं नाही तर बुबुळाचा किंवा ओटीपीचा पर्याय मागायचा. ओटीपीसाठी चालू नंबर आधारला जोडलेला लागतो, आणि सिम बदलत राहणाऱ्या माणसाचं इथेच अडतं. त्यामुळे आधार केंद्रात नेलंत तर नंबर आणि बोटांचे ठसे दोन्ही एकाच फेरीत नवे करून घ्या, रोज बुडवून दुसऱ्यांदा तिथे जायला तो येणार नाही.